स्थानिक संस्थांचें अंदाजपत्रक : शेतकऱ्यानें तें केव्हां व कसें पाहावें

दरवर्षीं फाल्गुन-चैत्राच्या सुमारास पिंपरी-चिंचवडच्या अंदाजपत्रकाचे मोठमोठे आंकडे वर्तमानपत्रांत छापून येतात. ते वाचून आमचे शेतकरी बंधु विचारतात कीं, 'इतके कोटी रुपये जातात तरी कोठें, आणि आमच्या शिवारांतली मोरी मात्र कां होत नाहीं?' प्रश्न रास्त आहे. परंतु तो विचारण्याची वेळ चुकलेली असते. अंदाजपत्रक छापून येतें तेव्हां पीक खळ्यावर आलेलें असतें. बियाणें कोणतें पेरावें याची चर्चा त्या वेळीं करून उपयोग नाहीं. पेरणी त्यापूर्वीं पांच-सहा महिने होऊन गेलेली असते. ती केव्हां होते, कोण करतो, आणि तींत शेतकऱ्यानें आपला शब्द कसा घालावा, हें सांगण्याचा या लेखाचा हेतु आहे.

प्रथम आमच्या पाहण्यांतील एक हकीकत सांगतों. इंद्रायणीच्या उत्तरेस एका गांवीं ओढ्यावर जुनी मोरी होती. वरच्या अंगास कारखाने, गोदामें व सिमेंटचे रस्ते झाल्यापासून पावसाचें पाणी जमिनींत मुरेनासें झालें. पूर्वीं जें दिवसभरांत उतरे, तें घटकाभरांत ओढ्याला येऊं लागलें. एका आषाढांत मोरी वाहून गेली. पलीकडच्या शिवारांत चाळी भरून कांदा होता. चाकणचा बाजार हाकेच्या अंतरावर असून ट्रॅक्टर ओढा ओलांडूं शकेना, आणि चाळींतला कांदा चाळींतच सडला. गांवकरी पंचायतीकडे गेले ते पुढच्या मार्चांत. 'वर्षाचा आराखडा ठरून गेला, आतां पुढच्या सालीं पाहूं,' असें उत्तर त्यांस मिळालें. उत्तर कडू होतें, पण खोटें नव्हतें. त्या मोरीचें पुढें काय झालें, तें शेवटीं सांगूं.

अंदाजपत्रक म्हणजे काय

मृगापूर्वीं प्रत्येक शेतकरी मनांत एक हिशेब मांडतो. घरांत शिल्लक किती, कांद्याचे किती येतील, सोसायटीचें कर्ज किती मिळेल; त्यांतून बियाणें, खत, मजुरी व मुलांच्या शाळेचा खर्च कसा भागेल, हें तो ठरवितो. स्थानिक संस्थेचें अंदाजपत्रकहि याच जातीचें असतें. १ एप्रिलपासून ३१ मार्चपर्यंतच्या वर्षासाठीं आरंभीची शिल्लक व अपेक्षित जमा एका बाजूस, आणि करावयाचा खर्च दुसऱ्या बाजूस मांडतात.

परंतु घरच्या हिशेबाहून त्याचे दोन फरक ध्यानांत ठेवावे. पहिला असा कीं, येथें प्रत्येक रकमेस एक ठरलेलें लेखाशीर्ष असतें. घरीं आपण बियाण्याचे पैसे अडचणीच्या वेळीं लग्नकार्यास लावतों. संस्थेस तसें करावयाचें झाल्यास रकमेचें रीतसर वर्गीकरण करून मंजुरी घ्यावी लागते. दुसरा फरक याहून महत्त्वाचा. अंदाजपत्रकांतील तरतूद ही खर्चाची परवानगी आहे, पेटींतला पैसा नव्हे. अपेक्षित जमा आली नाहीं, तर तरतूद कागदावरच राहते. शिवाय, मागील वर्षीं सुरू झालेल्या कामांचें देणें आधीं भागवावें लागतें, आणि नव्या कामांस उरलेंसुरलें मिळतें. एखाद्या मोठ्या कामापुढें नाममात्र रक्कम मांडून तें केवळ जिवंत ठेवण्याचीहि रीत आहे. म्हणून कामाचें नांव यादींत दिसलें कीं समाधान मानूं नये. नांवापुढील आंकडा कामाच्या एकूण खर्चाशीं ताडून पाहावा.

हा हिशेब पाहण्याची आस्था आमच्या वाडवडिलांसहि होती. १८८४ च्या कायद्यानें मुंबई इलाख्यांत जिल्हा व तालुका लोकल बोर्डें स्थापन झालीं, त्या काळीं शेतकरी सारा भरतांना रुपयामागें एक आणा लोकल फंडासाठीं देत असे. आपला आणा कोणत्या रस्त्यावर व कोणत्या शाळेवर पडला, हें विचारण्याचा त्याचा हक्क होता. आज आण्याच्या ठिकाणीं घरपट्टी, पाणीपट्टी व अनेक करांतून येणारें अनुदान आलें आहे. हक्क मात्र तोच आहे.

काम कोणाचें, हें आधीं पाहावें

आमच्या या पट्ट्यांत स्थानिक कारभाराचे सारे प्रकार एकमेकांस लागून नांदतात. १९५८ च्या कायद्याखालील ग्रामपंचायती आहेत. १ मे १९६२ पासून कारभार पाहणाऱ्या जिल्हा परिषद व पंचायत समित्या आहेत. चाकण येथें २०१५ सालीं ग्रामपंचायत जाऊन नगरपरिषद आली. आणि पिंपरी-चिंचवड, जेथें १९७० मध्यें नगरपालिका झाली, तेथें १९८२ पासून महानगरपालिका आहे. एकाच शेतकऱ्याचें घर एका हद्दींत व शेत दुसऱ्या हद्दींत, असें येथें नित्य दिसतें.

म्हणून मागणीचा अर्ज लिहिण्यापूर्वीं रस्ता कोणाच्या ताब्यांतला, याची चौकशी करावी. गांवांतली गल्ली व गटार ग्रामपंचायतीचें; दोन गांवांस जोडणारा ग्रामीण रस्ता बहुधा जिल्हा परिषदेचा; राज्यमार्ग सार्वजनिक बांधकाम खात्याचा; औद्योगिक वसाहतीच्या आंतील रस्ता औद्योगिक विकास महामंडळाचा; आणि पुणें-नाशिक मार्ग हा राष्ट्रीय महामार्ग होय. चुकीच्या दारीं दिलेला अर्ज परत येत नाहीं. तो तेथेंच पडून राहतो, आणि वर्ष फुकट जातें.

ग्रामपंचायतीचा पैसा व आराखडा

ग्रामपंचायतीच्या जमेचीं मुख्य कलमें चार. पहिलें, घरपट्टी, पाणीपट्टी, दिवाबत्ती व सफाई असे गांवचे कर. दुसरें, कारखान्यांकडून येणारा कर. कायद्याच्या १२५ व्या कलमाप्रमाणें करांऐवजीं ठोक रकमेचा करार करण्याचीहि सोय आहे. तिसरें, जमिनींच्या खरेदीखतांवर मुद्रांक शुल्कासोबत जो अधिभार पडतो, त्यांतील हिस्सा. चौथें, वित्त आयोगाचें व शासनाचें अनुदान. महाळुंगे, निघोजे, कुरुळी यांसारख्या कारखान्यांच्या गांवीं पहिल्या तीन कलमांस मोठें महत्त्व आहे. आडबाजूच्या गांवांची भिस्त चौथ्यावर असते. नमुना ८ या आकारणीच्या नोंदवहींत एखादें मोठें गोदाम लागलेंच नसेल, तर त्याचा भार अखेर इतरांवर पडतो. यास्तव ती वही पाहणें हा चोंबडेपणा नसून कर्तव्य आहे.

अनुदानाची वांटणी कशी होते, हें एका उदाहरणानें समजेल. पंधराव्या वित्त आयोगाचें अनुदान २०२१-२२ ते २०२५-२६ या पांच वर्षांसाठीं होतें. महाराष्ट्रांत त्यांतील शेंकडा ८० ग्रामपंचायतींस, १० पंचायत समित्यांस व १० जिल्हा परिषदांस, अशी वांटणी ठरली. त्यांतहि शेंकडा ६० रक्कम बंधित, म्हणजे निम्मी स्वच्छतेस व निम्मी पिण्याच्या पाण्यास वाहिलेली, आणि ४० अबंधित. समजा, एका ग्रामपंचायतीस अशा अनुदानाचे १० लाख रुपये मिळाले. त्यांतील ३ लाख स्वच्छतेस व ३ लाख पाण्यास गेले. उरले ४ लाख. शिवारांतली मोरी, स्मशानभूमीचा रस्ता, शाळेची भिंत, हे सारे त्या चार लाखांच्या पंक्तीस बसणार. जो आधीं येऊन आपली गरज लेखी मांडील, त्याचें पान आधीं वाढलें जाईल. मोरीस पैसा नाहीं, असें सरपंच म्हणतो तेव्हां तो दर वेळीं टाळाटाळच करतो असें नाहीं; बंधित रकमेस त्याला हात लावतां येत नसतो.

हा आराखडा ग्रामसभेपुढें ठरतो. 'आमचं गाव, आमचा विकास' या नांवानें २०१५-१६ पासून महाराष्ट्रांत ही पद्धति सुरू झाली. गांवच्या गरजा गोळा करणें, त्यांची प्राधान्यानें यादी लावणें, प्रत्येक कामाचा खर्च काढणें व ग्रामसभेची मान्यता घेणें, हीं तिचीं पावलें होत. पुढील वर्षाच्या आराखड्याची तयारी साधारणतः २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेपासून जोरांत सुरू होते. मग या आराखड्यावरून व पंचायतीच्या स्वतःच्या उत्पन्नावरून चिटणीस अंदाजपत्रक तयार करतो. तें पंचायतीपुढें येऊन पंचायत समितीकडे जातें. हें अंदाजपत्रक नमुना १ मध्यें लिहिलेलें असतें, व तें पाहावयास मागण्यांत संकोच धरूं नये.

ग्रामसभेविषयीं दोन नियम प्रत्येकानें पाठ करावे. सभेस गणपूर्तीसाठीं मतदारांपैकीं शेंकडा १५ अथवा १००, यांतील जी संख्या कमी असेल, तितके लोक लागतात. गणपूर्ति झाली नाहीं तर सभा तहकूब होते, आणि तहकूब होऊन पुन्हां भरलेल्या सभेस गणपूर्तीची अट नाहीं. म्हणजे शंभर माणसें घरीं राहिलीं म्हणून निर्णय थांबत नाहीं. तो दहा माणसांच्या हातीं जातो. दुसरें असें कीं, विकासकामें हातीं घेण्यापूर्वीं व त्यांवर खर्च करण्यापूर्वीं ग्रामसभेची मान्यता लागते, तसेंच सरकारी कामासाठीं गांवची जमीन संपादन करावयाची झाल्यास ग्रामसभेचें मत पंचायतीस कळविण्याची तरतूद कायद्यांत आहे. ग्रामसभेपूर्वीं महिलांचीहि सभा भरवावयाची असते. पाणी दूर असलें कीं हंड्याचा भार कोणाच्या डोक्यावर येतो हें सर्वांस ठाऊक आहे. म्हणून घरांतील स्त्रियांस त्या सभेस अगत्यानें पाठवावें.

नगरपरिषद व महानगरपालिका

शहराची रीत निराळी आहे. १९४९ च्या कायद्याप्रमाणें महानगरपालिकेचें अंदाजपत्रक आयुक्त तयार करतो व १६ सभासदांच्या स्थायी समितीपुढें मांडतो. समिति त्यांत फेरफार करून तें सर्वसाधारण सभेकडे पाठविते. करांचे दर सभेनें २० फेब्रुवारीपर्यंत ठरवावयाचे असतात, व वर्ष सुरू होण्यापूर्वीं अंदाजपत्रक मंजूर व्हावयाचें असतें. आयुक्ताच्या हातीं जाणारी कामांची यादी मात्र त्यापूर्वीं कित्येक महिने क्षेत्रीय कार्यालयें व स्थापत्य विभाग यांत तयार होत असते. ज्यास सूचना द्यावयाची आहे त्यानें ती पावसाळा सरतांच, तेथील अभियंत्यास लेखी द्यावी. मार्च २०२२ मध्यें निवडून आलेल्या सभेची मुदत संपली, व निवडणूक लांबल्यामुळें पुढें कांहीं वर्षें मांडणारा व मंजूर करणारा एकच प्रशासक होता. अशा काळीं तर लेखी सूचनेवांचून नागरिकापाशीं दुसरें साधनच नसतें.

पिंपरी-चिंचवडच्या जमेचा इतिहासहि समजून घेण्यासारखा आहे. १९५४ सालीं पिंपरीस हिंदुस्थान अँटिबायोटिक्स या कारखान्याची स्थापना झाली, व मागून दुसरे आले. कारखान्यांत येणाऱ्या मालावरील जकातीनें ही नगरी श्रीमंत झाली. १ एप्रिल २०१३ पासून जकात जाऊन स्थानिक संस्था कर आला. पुढें तोहि गेला, व १ जुलै २०१७ पासून वस्तु व सेवा कर लागू झाल्यावर त्याच्या भरपाईचें अनुदान राज्य शासनाकडून मिळूं लागलें. नाक्यावर रोज पडणारा पैसा बंद होऊन दुसऱ्याच्या हातून येणारा पैसा सुरू झाला. आतां मिळकतकर व बांधकाम परवानगीचें शुल्क यांस मोठें महत्त्व आलें आहे. १९९७ सालीं चिखली, मोशी, चऱ्होली, वाकड, पुनावळे, रावेत इत्यादि गांवें हद्दींत आलीं. त्यांच्या शिवारांवर ज्या इमारती उभ्या राहिल्या, त्यांचें शुल्क या जमेंत आहे. तेव्हां त्या गांवांच्या मूळ शेतकऱ्यांनीं खर्चाच्या बाजूकडे पाहावें, हें उचितच होय.

जमिनीच्या मालकांनीं एक गोष्ट विशेष जपावी. शहराच्या विकास योजनेंत शेतावर रस्ता, बाग वा शाळा यांचें आरक्षण पडणें वेगळें, आणि ती जमीन घेण्यासाठीं अंदाजपत्रकांत पैसा ठेवणें वेगळें. आरक्षण पडलें व पैसा ठेवला नाहीं, तर जमीन धड मालकाची नाहीं व धड पालिकेची नाहीं, अशा स्थितींत वर्षानुवर्षें अडकते. १९६६ च्या नगररचना कायद्यानें यावर दोन इलाज दिले आहेत. योजनेचा मसुदा प्रसिद्ध होतांच ठरलेल्या मुदतींत लेखी हरकत घेतां येते. पुढें योजना अंमलांत येऊन १० वर्षांत जमीन घेतली गेली नाहीं, तर १२७ व्या कलमान्वयें मालकास खरेदीची नोटीस देतां येते, आणि त्यानंतर २४ महिन्यांत संपादनाचीं पावलें न पडल्यास तें आरक्षण संपुष्टांत आलें असें समजतात. हा विषय किचकट आहे. नोटीस देण्यापूर्वीं जाणत्या वकिलाचा सल्ला घ्यावा.

पवनेचा धडा

शहराच्या अंदाजपत्रकाशीं आपणांस काय करावयाचें, असें हद्दीबाहेरच्या शेतकऱ्यानें म्हणूं नये. पवना धरणाचें पाणी नदींत सोडून रावेतच्या बंधाऱ्यावर तें पिंपरी-चिंचवडसाठीं उचलण्याची व्यवस्था होती. त्याऐवजीं धरणापासून निगडीपर्यंत, सुमारें ३५ किलोमीटर, बंद नळानें पाणी आणण्याचें काम महानगरपालिकेनें केंद्राच्या नागरी अभियानाच्या साह्यानें हातीं घेतलें. शहराच्या दृष्टीनें गळती व दूषितपणा टळणार होता. मावळच्या शेतकऱ्यांस मात्र भय पडलें कीं, नदीचा प्रवाह आटेल, कांठच्या पाणी-उपसा योजना कोरड्या पडतील, आणि नळासाठीं जमीन जाईल ती वेगळीच. ९ ऑगस्ट २०११ रोजीं बऊर येथें द्रुतगति मार्गावर त्यांनीं आंदोलन केलें. पोलिसांचा गोळीबार झाला, व तीन शेतकरी प्राणांस मुकले. त्यांत एक स्त्री होती. काम थांबलें. शासनाची स्थगिति उठली ती सप्टेंबर २०२३ मध्यें.

येथें कोणाचा दोष किती, याचा निवाडा आम्ही करीत नाहीं. परंतु अंदाजपत्रकांतील एका ओळीपोटीं बारा वर्षें शहरास बंद नळाचें पाणी मिळालें नाहीं, आणि तीन घरांचे दिवे विझले, एवढें तरी सर्वांनीं मनावर घ्यावें. जें बोलणें रस्त्यावर झालें, तें आराखड्याच्या वेळीं, कागदावर रेघ मारण्यापूर्वीं व्हावयास हवें होतें. पाणी व जमीन यांस शहराची हद्द ठाऊक नसते. म्हणून हद्दीबाहेरच्या गांवांनींहि शहराचें अंदाजपत्रक वाचावें, आणि आपल्या नदीवर वा शिवारावर ज्या कामाचा परिणाम होईल, त्यावर ग्रामसभेचा ठराव वेळींच पाठवावा.

तरतुदीपासून मोरीपर्यंत

तरतूद झाली म्हणजे काम झालें, असें नव्हे. काम करणें इष्ट आहे व त्यास पैसा आहे, असें ठरणें ही प्रशासकीय मान्यता. जागेची पाहणी करून दरसूचीप्रमाणें खर्च काढणें व नकाशा बरोबर आहे असा अभियंत्याचा निर्वाळा, ही तांत्रिक मान्यता. त्यानंतर निविदा, मग कार्यारंभाचा हुकूम. काम चालू असतां अभियंता मोजमाप पुस्तिकेंत लांबी, रुंदी, खोली व नळांची संख्या लिहितो, आणि त्या पुस्तिकेवरून मक्तेदाराचें देयक निघतें. या साखळींत एक कडी मागें राहिली कीं मार्च येतो, आणि काम पुढच्या सालीं ढकललें जातें.

यांपैकीं मोजमाप पुस्तिका ही शेतकऱ्याच्या कामाची वस्तु होय. पैसा निघतो तो तिच्यांतील आंकड्यांवर. माहितीच्या अधिकाराच्या २००५ च्या कायद्याप्रमाणें नागरिकास कागदांच्या प्रतीच नव्हे, तर कामाची प्रत्यक्ष पाहणी व वापरलेल्या मालाचा प्रमाणित नमुनाहि मागतां येतो. राज्यांत अर्जाची फी १० रुपये असून उत्तराची मुदत ३० दिवस आहे.

आतां त्या गांवच्या मोरीकडे वळूं. मार्चांत कडू उत्तर मिळाल्यावर पांच-सहा शेतकऱ्यांनीं १५ ऑगस्टच्या ग्रामसभेपूर्वींच लेखी अर्ज दिला. गट क्रमांक, ओढ्याची रुंदी, पुराच्या पाण्याची खूण, आणि पलीकडे किती एकर जमीन व किती घरें अडतात, हें सारें त्यांत होतें. नुसत्या 'मोरी व्हावी' या मागणीपेक्षां अशा अर्जास वजन येतें. कारण खर्च काढणाऱ्यास तोच तपशील हवा असतो. ऑक्टोबरच्या सभेस ते शेजाऱ्यांसह हजर राहिले, व काम अबंधित रकमेंतून यादींत वर चढलें. पुढच्या वैशाखांत काम सुरू झालें. एके दिवशीं त्यांतील एकानें फीत लावून पाहिली. नकाशांत ९०० मिलिमीटर व्यासाच्या सिमेंटच्या नळांच्या दोन रांगा होत्या. जागेवर एकच बसविली होती. त्यानें भांडण केलें नाहीं. नकाशाची प्रत जोडून अभियंत्यास पत्र दिलें, व देयक निघण्यापूर्वीं फेरमोजणी मागितली. अभियंता आला, मोजमाप झालें, आणि मक्तेदारानें दुसरी रांग बसविली. त्या वर्षीं ओढा तितकाच आला. मोरी राहिली, व कांदा बाजारांत गेला.

वर्षाचें वेळापत्रक

आमच्या वाचकांनीं पुढील गोष्टी पंचांगाच्या पानावर लिहून ठेवाव्या. एप्रिल-मेच्या पहिल्या ग्रामसभेंत गेल्या वर्षाचा जमाखर्च व चालू वर्षाचीं कामें मांडतात. तीं ऐकावीं व लिहून घ्यावीं. पावसाळ्यांत कोठें पाणी तुंबतें व कोठें रस्ता तुटतो, याच्या जागा मोजून ठेवाव्या. ऑगस्टांत लेखी मागणी द्यावी व पोंच घ्यावी. ऑक्टोबरांत ग्रामसभेस शेजाऱ्यांसह जावें. नोव्हेंबर-डिसेंबरांत आपलें काम यादींत कितव्या स्थानीं आहे व त्यापुढें किती रक्कम आहे, हें पाहावें. जानेवारी ते मार्च अंदाजपत्रक वाचावें. आणि काम सुरू झालें कीं नकाशाची प्रत व मोजावयाची फीत घेऊन जागेवर जावें.

यांत पदरचा खर्च फारसा नाहीं. वर्षांतून आठ-दहा दिवस मात्र द्यावे लागतात. बांधावरील हातभर जमिनीसाठीं आम्ही कोर्टाच्या पायऱ्या वर्षानुवर्षें झिजवितों; साऱ्या गांवच्या पैशासाठीं वर्षांतले आठ दिवस देणें कोणास जड वाटूं नये.